परदेशातली समुद्रसहल: शेवटचे तीन दिवस कसे लावावेत

मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांना समुद्र नाही. त्यामुळे लातूर, बीड, हिंगोलीकडचं कुटुंब थायलंडच्या फुकेत-क्राबीला पोचलं की पहिले दिवस पाणी नुसतं बघण्यात जातात, मधले बोटीत आणि बाजारात, आणि ‘शेवटच्या दिवशी मनसोक्त डुंबू’ असं सगळ्यांचं ठरतं. माझं सांगणं याच्या उलट आहे. समुद्र शेवटच्या दिवसावर ठेवू नका. विमानाच्या आदल्या दुपारी पाण्यातून बाहेर या आणि उरलेला वेळ जमिनीवर काढा. ओले कपडे, वाळूने भरलेल्या बॅगा, दमलेली लेकरं, घाईत केलेली खरेदी, चुकलेली गाडी या सगळ्या अडचणी त्या एका हट्टातून निघतात.

हा लेख पहिल्यांदा घरच्यांना घेऊन निघालेल्यांसाठी आहे. घरचे म्हणजे आजी-आजोबा, सुना, जावई, लहान पोरं, सगळेच. उदाहरण थायलंडच्या अंदमान समुद्राकडच्या किनाऱ्याचं घेतलं आहे, कारण आपल्याकडून बरेच जण तिकडे जातात. बाली, श्रीलंका, मॉरिशसला गेलात तरी क्रम हाच ठेवा, फक्त तिथले नियम वेगळे तपासा.

१. तीन दिवस आधी: तिकीट पुन्हा वाचा

रात्री जेवण झालं की सगळ्यांना एकत्र बसवा आणि तिकीट मोठ्याने वाचा. पहिली पाहायची ती तारीख. विमान १५ तारखेच्या रात्री १२:३० चं असेल, तर तुम्हाला १४ तारखेच्या रात्री नऊ-साडेनऊलाच विमानतळावर असायला हवं. १५ च्या रात्री पोचलात तर विमान आदल्याच रात्री गेलेलं असेल. ही चूक शिकल्या-सवरल्या माणसांकडूनही होते, म्हणून तारीख आणि वार कागदावर मोठ्या अक्षरात लिहून खोलीच्या दाराला आतून चिकटवा. थायलंडचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे असतं. तिकिटावरची वेळ ज्या-त्या गावची असते, हेही सगळ्यांना सांगून ठेवा.

दुसरी पाहायची ती विमानतळाचं नाव. बँकॉकला दोन विमानतळ आहेत, सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग. फुकेतहून येणारं स्वस्त विमान डॉन मुआंगला उतरतं आणि मुंबईचं विमान सुवर्णभूमीवरून सुटतं, असं अनेकदा होतं. मधे बँकॉकची वाहतूक आहे. तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर सामान स्वतः उचलून न्यावं लागतं आणि पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी थांबत नाही. अशा वेळी दोन विमानांत पाच-सहा तासांचं अंतर असू द्या.

आजी-आजोबांसाठी व्हीलचेअर सांगितली नसेल तर त्याच रात्री विमान कंपनीला कळवा. साधारण ४८ तास आधी सांगितलं की अडचण येत नाही. ‘मला काय झालंय, मी चालते की’ असं माय म्हणेल. तिला घरच्या अंगणात किती चालता येतं यावर जाऊ नका. इमिग्रेशनच्या रांगेत तासभर उभं राहावं लागतं आणि गुडघे तिथेच बोलतात. व्हीलचेअर दोन्हीकडच्या विमानतळांसाठी मागा.

२. आदला दिवस: समुद्राचा शेवटचा दिवस

हा दिवस नीट लावला की सहल लागली. म्हणून इथे जरा सविस्तर सांगतो.

आधी भरती-ओहोटी समजून घ्या. भरती दिवसातून साधारण दोनदा येते आणि रोज अंदाजे ५० मिनिटं पुढे सरकते. काल सकाळी नऊला पाणी पायऱ्यांपर्यंत आलं होतं, तर आज ते दहाच्या सुमारास येईल. आपल्या घरी पंचांग असतंच. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती येते, पाणी खूप वर चढतं आणि खूप लांब ओसरतं. अष्टमीच्या सुमारास हा फरक कमी असतो. क्राबीच्या बाजूला, विशेषतः पूर्व रेलेच्या किनाऱ्यावर, ओहोटीत चिखल उघडा पडतो आणि लांबशेपटी बोट काठाला लागत नाही. मग म्हाताऱ्या माणसांना गुडघाभर चिखलातून चालावं लागतं. शेवटचा पोहण्याचा दिवस ठरवताना हॉटेलच्या स्वागतकक्षात भरतीच्या वेळा विचारा. पोरांसाठी भरती चढत असतानाचा शांत उथळ किनारा बरा. शंख बघत फिरायला ओहोटी बरी.

मग झेंडे पाहा. लाल-पिवळा झेंडा असेल तर तिथे जीवरक्षक आहे, त्या दोन झेंड्यांच्या मधेच उतरायचं. नुसता लाल झेंडा असेल तर पाण्यात पाय टाकायचा नाही, मग शेवटचा दिवस असो की पहिला. फुकेतच्या पश्चिम किनाऱ्यावर, म्हणजे पातोंग, करोन, काटाला, मे ते ऑक्टोबर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे समुद्र खवळलेला असतो. आपल्या शाळांच्या उन्हाळी सुट्या मे महिन्यातच असतात. स्वस्त पॅकेज त्या काळात मिळतं, त्यामागचं कारणही हेच. दिवाळीनंतर गेलात तर या बाजूला समुद्र निवळत जातो. पण थायलंडच्या पूर्वेकडच्या को समुई बेटावर जात असाल तर तिथे ऑक्टोबर ते डिसेंबरातच जोराचा पाऊस असतो.

आता विहिरीत पोहायला शिकलेल्यांबद्दल. आपल्याकडचे बरेच काका-मामा कमरेला डबा बांधून विहिरीत शिकले आणि पुढे वरून सूर मारू लागले. त्यांना पाण्याची भीती नसते, आणि समुद्रात तीच गोष्ट घात करते. विहिरीत पाणी जागचं हलत नाही, काठ चार हातांवर असतो. समुद्रात किनाऱ्याला आलेलं पाणी एखाद्या चिंचोळ्या पट्ट्यातून जोराने आत परततं. वरून पाहिलं तर त्या पट्ट्यात लाटा फुटत नाहीत, पाणी गडद किंवा गढूळ दिसतं, आणि तेच ठिकाण सगळ्यात शांत वाटतं. या ओढ्यात सापडल्यावर किनाऱ्याच्या दिशेने हात मारत राहिलं की पट्टीचा पोहणाराही दमतो. तसं करू नका. अंग सैल सोडून तरंगा, हात वर करून हाक द्या, आणि पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत त्या पट्ट्याबाहेर पडा, मग काठाकडे वळा. हे सगळ्या पुरुष मंडळींना पाण्यात उतरण्याआधी सांगा. बुडणाऱ्याला वाचवायला उडी घेणारा दुसराही बुडतो, हेही सांगा. त्याच्याकडे ट्यूब, रिकामा कॅन, जे तरंगेल ते फेका.

पोरांना निळे-पांढरे कपडे घालू नका, पाण्यात ते दिसत नाहीत. भडक नारिंगी, लाल, पोपटी घाला. आणि हाताच्या अंतरावर एक मोठं माणूस, ज्याच्या हातात मोबाइल नाही, असं नेमून द्या. ‘सगळे आहेत की’ म्हटलं की कुणाचंच लक्ष नसतं. साडी नेसून कमरेएवढ्या पाण्यात जाऊ नये, ओली साडी पायात अडकते आणि ओढते. सलवार-कुर्ता किंवा लेगिंग आणि लांब टी-शर्ट चालतो, त्यात संकोच वाटण्यासारखं काही नाही.

बोटीची सफर शेवटच्या दिवशी नकोच, आदल्या दिवशीही दुपारी दोनपर्यंत परतणारीच घ्या. हवा बिघडली की बोटी थांबवतात आणि तुम्ही बेटावर अडकता. चालवणारा ‘जाऊ या’ म्हणतो म्हणून जाऊ नका. ५ जुलै २०१८ रोजी फुकेतजवळ फिनिक्स ही पर्यटकांची बोट वादळात उलटली आणि ४७ पर्यटक दगावले. त्या दिवशी खराब हवामानाचा इशारा होता. बोटीत जाकीट प्रत्येकाला, बाळालाही, त्याच्या मापाचं हवं. स्पीडबोटीचा पुढचा भाग जोरात आपटतो, म्हणून गरोदर बाई आणि पाठदुखीचं माणूस मागच्या बाजूला बसवा.

फी फी बेटांवरचं माया बे पाहायचं असेल तर तेही आधीच उरका. पर्यटकांच्या गर्दीने तिथलं प्रवाळ मेलं म्हणून २०१८ मध्ये तो किनारा बंद केला होता. २०२२ मध्ये उघडला, पण तिथे आता पोहू देत नाहीत आणि पावसाळ्यात तो दरवर्षी काही काळ बंद असतो. थायलंडच्या सागरी राष्ट्रीय उद्यानांत प्रवाळाला मारक रसायनं असलेल्या सनस्क्रीनवर २०२१ पासून बंदी आहे, डबीवर ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही नावं आहेत का ते बघा.

घरातल्या कुणी स्कुबा डायव्हिंग केलं असेल तर विमानाचा हिशोब त्याच दिवशी मांडा. एकदाच बुडी घेतली असेल तर किमान १२ तास, अनेकदा किंवा सलग दिवस घेतली असेल तर किमान १८ तास विमानात बसायचं नाही. बरेच प्रशिक्षक पूर्ण २४ तास सांगतात आणि कुटुंबासोबत असताना तेच धरावं. खोल पाण्यात श्वास घेताना नायट्रोजन रक्तात विरघळतो. लगेच उंचावर गेलं की त्याचे बुडबुडे होतात, सांधे धरतात, प्रसंगी लकवाही होतो. हे एकच कारण समुद्र आदल्या दिवशी संपवायला पुरेसं आहे.

जेलीफिश चावली तर जागा चोळू नका, गोडं पाणी ओतू नका. व्हिनेगर ओता. थायलंडच्या काही किनाऱ्यांवर त्यासाठी व्हिनेगरच्या बाटल्या ठेवलेल्या असतात. दम लागला किंवा छातीत दुखलं तर रुग्णवाहिकेचा नंबर १६६९, पर्यटक पोलिसांचा ११५५. दोन्ही आत्ताच मोबाइलमध्ये भरा.

३. आदली संध्याकाळ आजीची

घरातल्या म्हाताऱ्या माणसाला हा समुद्र पुन्हा दिसेल की नाही, सांगता येत नाही. मधल्या दिवसांत सगळा कार्यक्रम पोरांच्या मर्जीने चालतो, आजी सामान राखत बसते. म्हणून शेवटची संध्याकाळ तिच्या नावाने मोकळी ठेवा. कार्यक्रम नको, बाजार नको.

पाच वाजता ऊन उतरलं की निघा. पायऱ्या नसलेला, वाळू घट्ट असलेला किनारा निवडा. भुसभुशीत वाळूत चालताना म्हाताऱ्या माणसाचा घोटा मुरगळतो. ओल्या वाळूवर, जिथे लाट घोट्यापर्यंत येते तिथे, हॉटेलातून मागून आणलेली प्लास्टिकची खुर्ची ठेवा आणि मागे एक धडधाकट माणूस उभा करा. फुकेतच्या पश्चिम किनाऱ्यावर सूर्य वर्षभर साधारण सहा ते पावणेसातच्या दरम्यान मावळतो. तिला पाण्याला हळद-कुंकू वाहायचं असेल तर चिमूटभर वाहू द्या. नारळ, हार, प्लास्टिकची पिशवी मात्र पाण्यात सोडू नका, किनारा घाण केला म्हणून दंड होऊ शकतो. फोटो दोन-चार पुरे. तिच्याशी बोलत बसा.

४. खरेदी: काय आणावं, काय अजिबात आणू नये

गावाकडे भेटवस्तूंची यादी लांब असते. आत्या, मावश्या, शेजारी, गुरुजी, शेतातला सालगडी, सगळ्यांना काहीतरी द्यायचं असतं आणि ते द्यावंच. हलक्या, न फुटणाऱ्या, टिकणाऱ्या गोष्टी बऱ्या: सुकवलेला आंबा, चिंचेच्या गोळ्या, नारळाचे काप, दुखऱ्या गुडघ्यांसाठी मलम, सुती पिशव्या, हत्तींची नक्षी असलेल्या विजारी. खाण्याच्या पाकिटात माशाचा रस किंवा झिंग्याची पूड बऱ्याचदा असते. शाकाहारी घरात द्यायचं असेल तर पिवळ्या पट्टीवर लाल रंगातली, इंग्रजी सतराच्या आकड्यासारखी दिसणारी थाई खूण शोधा, ती शुद्ध शाकाहाराची. डुरियन फळ घ्यायचंच असेल तर तिथेच खाऊन संपवा. वासामुळे हॉटेलवाले आणि विमानवाले दोघेही ते आत येऊ देत नाहीत.

एका दुकानात एका दिवसात २,००० बाथ किंवा जास्त खरेदी होणार असेल तर कराचा परतावा मिळतो. थायलंडचा मूल्यवर्धित कर ७ टक्के आहे. दुकानावर पर्यटकांना करपरतावा मिळण्याची पाटी हवी, आणि खरेदीच्याच दिवशी पासपोर्ट दाखवून फॉर्म भरून घ्यायला हवा. दुसऱ्या दिवशी जाऊन मागितला तर मिळत नाही. खरेदीपासून ६० दिवसांच्या आत माल देशाबाहेर न्यायचा असतो. विमानतळावर सामान काउंटरला देण्याच्या आधी कस्टमच्या खिडकीवर जा, तिथे माल पाहायला मागू शकतात, म्हणून त्या वस्तू बॅगेत वरच ठेवा. पैसे इमिग्रेशननंतरच्या खिडकीवर मिळतात. त्यातून शुल्क कापून जातं, त्यामुळे हातात सात टक्के येत नाहीत. किरकोळ खरेदीसाठी या भानगडीत पडू नका.

आता न आणायच्या गोष्टी, आणि इथे आपल्या माणसांचं मन मोडावं लागतं.

शेतकरी घरातला माणूस तिकडचा मोठा पेरू, बुटका नारळ, ड्रॅगन फ्रूट पाहतो आणि एक कांडी किंवा चार बिया पिशवीत टाकून आणू म्हणतो. आणू नका. २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार परदेशातून रोप, बी, कलम आणायला परवाना आणि तिथल्या सरकारचा रोगमुक्तीचा दाखला लागतो. बाहेरून आलेली कीड काय करते हे आपल्या मक्याने पाहिलं आहे. अमेरिकन लष्करी अळी २०१८ मध्ये भारतात पहिल्यांदा कर्नाटकात सापडली आणि पुढे आपल्या रानापर्यंत पोचली. नवीन फळझाड हवंच असेल तर परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात किंवा सरकारमान्य रोपवाटिकेत विचारा.

बुद्धमूर्ती हा आपल्याकडचा जिव्हाळ्याचा विषय. अजिंठा-वेरूळ आणि नामांतराच्या या मुलुखातून थायलंडला जाणाऱ्या अनेक बौद्ध कुटुंबांना तिथून मूर्ती आणायची असते. थायलंडबाहेर बुद्धमूर्ती नेण्यासाठी तिथल्या ललित कला विभागाचा परवाना लागतो. गळ्यात घालायचं छोटं पदक चालतं. मूर्ती घ्यायची असेल तर तो परवाना काढून देणाऱ्या दुकानातूनच, सहलीच्या पहिल्या दिवसांत घ्या, शेवटच्या दिवशी तो मिळायला वेळ उरत नाही. आणि मूर्तीसमोर पाठ करून फोटो काढू नका, तिथल्या लोकांच्या मनाला ते लागतं.

प्रवाळाचे तुकडे, किनाऱ्यावरचे शंख, बाटलीत भरलेली वाळू, यांतलं काही आणू नका. प्रवाळाला थायलंडात कायद्याचं संरक्षण आहे आणि भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागू होतो. लेकराने खिशात घातलेला शंख शेवटच्या संध्याकाळी त्याच्याच हाताने परत पाण्यात सोडायला लावा. ई-सिगारेट थायलंडात चालत नाही आणि भारतातही २०१९ पासून कायद्याने बंद आहे. दारू माणशी २ लिटरपर्यंतच करमुक्त आणता येते. बाकी खरेदीची करमुक्त मर्यादा अधूनमधून बदलते, निघण्याआधी भारतीय कस्टमच्या संकेतस्थळावर ताजी पाहा आणि बिलं जपून ठेवा.

सोन्याबद्दल एक गैरसमज पसरलेला आहे. बायकांना इतकं, पुरुषांना इतकं सोनं आणता येतं, असं ऐकून लोक तिकडे सोनं घेतात. ती सूट वर्षभराहून जास्त परदेशात राहून परतणाऱ्यांसाठी आहे, आठ दिवसांच्या सहलीला ती लागू नाही. अंगावर घरचेच जड दागिने असतील तर भारतातून निघतानाच विमानतळावर कस्टमकडून तसा दाखला घेतलेला बरा. तो घेतला नसेल तर जुनी बिलं आणि निघण्याआधीचे दागिन्यांसह फोटो मोबाइलमध्ये असू द्या. त्याहून बरं म्हणजे मंगळसूत्र सोडून बाकीचं घरी ठेवून जावं.

५. बॅगा आणि उरलेला डबा

पोहण्याचे कपडे आदल्या दुपारीच गोड्या पाण्यात धुऊन, पिळून गॅलरीत वाळत घाला. तिथली हवा दमट असते, कपडे वाळायला आपल्याकडच्यापेक्षा दुप्पट वेळ लागतो. ओले चार टॉवेल म्हणजे दोन-तीन किलो जास्त, आणि जास्तीच्या किलोचे पैसे विमानतळावर फार घेतात. बॅगा उलट्या करून वाळू झटका. लटकवायचा छोटा वजनकाटा सोबत असेल तर रात्रीच वजन करून सामान इकडचं तिकडे करता येतं.

पॉवर बँक हातातल्या बॅगेतच, तीही १०० वॅट-तासांपर्यंतची, म्हणजे साधारण २७,००० एमएएचच्या आतली. तेल, मलम, लोणचं, शाम्पू, जे काही पातळ आणि १०० मिलीलिटरपेक्षा मोठ्या बाटलीत आहे ते मोठ्या बॅगेत. रोजच्या गोळ्या मात्र दोन दिवस पुरतील इतक्या हातातल्या पिशवीत, चिठ्ठीसकट.

घरून नेलेले धपाटे, दशम्या एव्हाना वास मारत असतील तर मोह न धरता टाकून द्या. त्या हवेत त्या घरच्याइतक्या टिकत नाहीत आणि शेवटच्या दिवशी पोट बिघडलेलं परवडत नाही. येसर, शेंगदाण्याची चटणी, कडक भाकरी मात्र कामाला येतात. उकळतं पाणी हॉटेलात मिळतं, त्यात येसर कालवून भाकरी कुस्करली की आजोबांचं जेवण झालं. विमानात शाकाहारी जेवण हवं असेल तर ते आधी नोंदवावं लागतं, स्वस्त विमानात ते विकतच असतं.

६. शेवटचा दिवस: हॉटेल ते विमानतळ

खोली बहुधा अकरा-बाराला सोडावी लागते आणि विमान रात्रीचं असतं. आदल्या रात्रीच विचारा की एक खोली संध्याकाळपर्यंत ठेवायचे किती पैसे होतील. दहा माणसांत एक खोली ठेवली तर म्हातारी माणसं पडू शकतात, लेकरं झोपू शकतात, सगळ्यांची अंघोळ होते. हे पैसे वाचवू नका.

खोली सोडताना तिजोरी, उशीखाली, बाथरूमचं दार, चार्जरच्या भिंती, एवढं एका माणसाने शेवटी पाहावं. पासपोर्ट सगळ्यांचे एका पिशवीत, एका माणसाकडे, मोजून. पासपोर्ट हरवलाच तर आधी पोलिसांत तक्रार, मग बँकॉकच्या भारतीय दूतावासात जाऊन परतीचं तातडीचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. त्यात दिवस जातात, म्हणून पासपोर्टचा फोटो प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये हवा.

शेवटच्या मोकळ्या दुपारी तरुण मुलांना स्कूटर किंवा जेट-स्की भाड्याने घ्यावीशी वाटते. तुमच्याकडे आंतरराष्ट्रीय वाहन परवाना नसेल आणि अपघात झाला तर प्रवासविमा बहुधा पैसे देत नाही. जेट-स्कीवर आधीचे ओरखडे दाखवून पैसे उकळण्याचे प्रकार तिथे होतात. आणि पासपोर्ट तारण ठेवून काहीही घ्यायचं नाही. संध्याकाळी विमान असताना कुणी पासपोर्ट अडवला तर तुमच्या हातात काहीच उरत नाही.

पातोंग ते फुकेत विमानतळ पस्तीस-चाळीस किलोमीटर आहे. एरवी तासभर लागतो, संध्याकाळी जास्त. विमानाच्या तीन तास आधी पोचायचं म्हणजे हॉटेल साडेचार तास आधी सोडायचं. सगळे एका व्हॅनमध्ये बसा, दोन टॅक्सींत विभागलात की एक हमखास चुकते. सुटी नाणी तिथेच संपवा, आपल्याकडे ती कुणी बदलून देत नाही. भारतीय रुपये माणशी २५,००० पर्यंतच सोबत आणता येतात.

७. उतरल्यावर: विमानतळ ते गाव

सहलीची आखणी मुंबईला संपते आणि आपलं घर तिथून रात्रभराच्या वाटेवर असतं. हा टप्पा लोक ‘बघू तेव्हा’ म्हणून सोडतात.

नांदेड, देगलूर, उदगीर, लातूरकडच्यांनी तिकीट काढतानाच हैदराबादचा पर्याय पाहावा. मुंबईपेक्षा ते बरंच जवळ पडतं. संभाजीनगर, जालना, बीडकडच्यांना मुंबईच सोयीची. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे विमानाचं तिकीट झालं की तारीख लिहून ठेवा. रात्रीच्या देवगिरी किंवा लातूर एक्स्प्रेसचं तिकीट असेल आणि विमान संध्याकाळी उतरणार असेल तर तो जुगार आहे. विमान तासभर उशिरा आलं, सामानाच्या पट्ट्यावर अर्धा तास गेला, की सहारच्या विमानतळावरून सीएसएमटीला वेळेत पोचणं होत नाही. मध्यरात्रीनंतर उतरणाऱ्यांसाठी सकाळची तपोवन बरी पडते.

स्वतःची गाडी किंवा भाड्याची गाडी बोलावली असेल तर चालक कधी झोपला ते विचारा. गावाहून दिवसभर गाडी चालवत आलेल्या माणसाला मध्यरात्री पुन्हा परतीला बसवायचं नाही. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून पूर्ण खुला झाला, जालन्यापर्यंतचा वेळ खूप वाचतो. पण सरळ, मोकळ्या रस्त्यावर रात्री डोळा लागतो. १ जुलै २०२३ ला बुलढाणा जिल्ह्यात याच महामार्गावर मध्यरात्रीनंतर खासगी बसच्या अपघातात २५ माणसं गेली. विमानतळाजवळ खोली घ्या, सगळे आणि चालकही झोपा, सकाळी चहा घेऊन निघा. घरच्यांना फोनवर तेवढं सांगा, ते काळजीत जागत बसत नाहीत.

८. घरी आल्यावर

उरलेले परदेशी पैसे कपाटात विसरू नका. नोटा एकूण २,००० अमेरिकी डॉलरच्या किमतीपर्यंत ठेवता येतात, त्यावरचे परतल्यापासून १८० दिवसांच्या आत बँकेत किंवा अधिकृत केंद्रावर बदलून घ्यायचे असतात.

पुढचे दोन आठवडे घरातल्या प्रत्येकाकडे लक्ष ठेवा. डेंगीचा डास चावल्यापासून ताप यायला साधारण चार ते दहा दिवस लागतात, म्हणजे तो घरी आल्यावर येतो. ताप आला, डोळ्यांमागे दुखलं, अंग मोडून आलं, तर गावच्या डॉक्टरला पहिल्याच वाक्यात सांगा की आम्ही थायलंडहून आलो आहोत, अमुक तारखेला परतलो. रक्त तपासल्याशिवाय अंगदुखीच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका. ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन तर नाहीच, डेंगीत त्यांनी रक्तस्राव वाढतो. तोवर पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी.